बसून काम म्हणजे आराम?

मैत्रिणींनो, गेल्या २१ जूनला तालुक्याच्या गावातल्या एका कार्यालयात योग दिनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सामाजिक काम करणाऱ्या बाईला अशी आमंत्रणं येत असतात; नारळ, गुलाबाचं फूल आणि दोन शब्द बोलायची विनंती. सकाळी सातची वेळ. व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीवर बॅनर. पुरुष मंडळी ट्रॅकपँट घालून पुढच्या रांगेत. मागे भिंतीला धरून सहा बायका. चौघी साडीत, दोघी पंजाबी ड्रेसमध्ये. शिकवणारे सर म्हणाले, "हात वर." सगळ्यांचे हात वर. सर म्हणाले, "खाली वाका." पुरुष वाकले. बायका पदर सावरत, मागं कोण उभं आहे ते बघत निम्म्याच वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. फोटो निघाले, पोहे-चहा झाला, साडेआठला सतरंज्या गुंडाळल्या. पावणेदहाला अंगठा लावायचा, मग एवढ्यासाठी घरी कशाला जायचं? म्हणून बायका आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत.

त्यातली एक आमच्या जळकोटची. रोज अप-डाऊन करते. मला सोडायला गेटपर्यंत आली आणि हसत म्हणाली, "ताई, झाला योग. आता पुढच्या एकवीस जूनपर्यंत खुर्ची!"

मला काही हसू आलं नाही. कारण आठ मार्चला आम्ही गावात जी तपासणी ठेवली होती, त्यात हिची उपाशीपोटीची शुगर १४८ निघाली होती. वय अडतीस, वजन एकोणपन्नास किलो. कागद हातात घेऊन ती मला म्हणाली होती, "ताई, दुसरीचा कागद आला असंल माझ्याकडं. मी तर केवढी बारीक!" पुन्हा तपासलं, आकडा तोच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, भात-साखर कमी करायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "रोज पाऊण तास भरभर चालायचं."

सल्ला अगदी बरोबर. पण पाऊण तास कुठला? तिचा दिवस मी तिच्याकडूनच ऐकला, तो तुम्हालाही सांगते. उठायचं पाचला, नळाला पाणी यायचा दिवस असला तर चारला. पाणी भरणं, सासूबाईंचा चहा-गोळ्या, भाकऱ्या, दोन मुलांचे आणि स्वतःचा असे डबे. साडेआठच्या आत महामार्गावर येऊन उभं राहायचं. बस आली तर बस, नाहीतर वडाप. पावणेदहा ते सव्वासहा कार्यालय. घरी यायला पावणेआठ. मग संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, भांडी. अंथरुणाला पाठ लागते तेव्हा साडेदहा-अकरा. या दिवसात पाऊण तास बसवायचा तर तो झोपेतून काढायचा, नाहीतर स्वयंपाकातून. स्वयंपाकातून काढला तर घरात काय होतं ते मी सांगायला नको! आणि पहाटे पाचच्या अंधारात चालायचं कुठं? आमच्या गावाला लागून सोलापूर-हैदराबाद महामार्ग. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं कुत्री.

पण याच दिवसात ती दहा तासांहून जास्त बसलेली असते हेही बघा. सवा तास बस, आठ-साडेआठ तास खुर्ची, पुन्हा सवा तास बस. म्हणजे चालायला वेळ नाही आणि बसायला मात्र दहा तास आहेत. हे गणित एकट्या बाईच्या आळसाचं कसं म्हणायचं?

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा मिळाला, बायकांनी तर आनंदानं स्वागत केलं, मीही केलं. शनिवारी गहू निवडता येतात, मुलांच्या शाळेत जाता येतं, माहेरी एक चक्कर होते. पण त्या बदल्यात रोजचं काम पाऊण तासानं वाढलं, सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा असं झालं. जेवायला अर्धा तास. डॉक्टरांचा पाऊण तास आणि हा पाऊण तास, दोन्ही एकाच मापाचे निघाले हा योगायोग मला राहून राहून टोचतो.

बसून काम म्हणजे आराम, असं आपण समजत आलो. आयुष्यभर उन्हात खुरपण केलेल्या बाईला सावलीतली खुर्ची म्हणजे सुखच वाटणार, त्यात तिचं काही चूक नाही. माझ्या सासूबाई एका बँकेतल्या बाईंकडे बघून म्हणायच्या, "पंख्याखाली बसायचा पगार भेटतो, आणखी काय पायजे?" पण शरीराचा हिशेब वेगळा असतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. एकच बस, एकच कंपनी, साधारण सारख्याच घरांतली माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या वर-खाली करणारा. हृदयविकार कुणाला जास्त? ड्रायव्हरला. पोस्टातही तसंच, टपाल वाटत फिरणाऱ्यांपेक्षा बसून काम करणाऱ्या कारकुनांना जास्त. काही लोक म्हणाले, जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, मग खुर्चीला का दोष देता? तर मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं काढली! ड्रायव्हरच्या कमरेचं माप जास्त निघालं हे खरं, पण एकाच मापाची पँट घालणाऱ्या दोघांतही कंडक्टरच बरा निघाला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या एसटीत बघा, ड्रायव्हरदादा स्टिअरिंगला जखडलेले आणि कंडक्टर गर्दीतून मागं-पुढं, मागं-पुढं. आता तर पुष्कळ एसटीत कंडक्टर बायका आहेत. त्यांचे पाय दुखतात, पण निदान हलतात.

पाय हलण्यात एवढं काय आहे? आपल्या मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू अंगातले सगळ्यात मोठे. जेवल्यावर रक्तात जी साखर उतरते ती ओढून घेऊन वापरायचं मोठं काम यांचं, पण ते हलले तर. तासन्‌तास मुडपून ठेवलेले पाय म्हणजे बंद पडलेली गिरणी. दळण येऊन पडतं आणि तसंच राहतं. म्हणून तर जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. आजी शतपावली म्हणायची ती हीच. आपण आजीची शतपावली घरी ठेवली आणि कार्यालयात डबा खाऊन तसंच कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. पूर्वी निदान रजिस्टर काढायला कपाटापर्यंत उठावं लागायचं, शेजारच्या खोलीतल्या भाऊसाहेबांची सही आणायला जावं लागायचं. आता सगळं पडद्यावर येतं. काम सोपं झालं, पण उठायचं निमित्तच गेलं.

आणि "मी बारीक आहे" हा भ्रम आधी काढून टाका बरं का. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं अगदी एकसारखं, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण मोजलं तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपली माणसं वरून काटकुळी, आत चरबी, आणि हातापायाचे स्नायू कमी, अशी घडण पुष्कळांची असते. म्हणून आपल्याकडे मधुमेह जाडीची वाट बघत बसत नाही. आयसीएमआरच्या पाहणीचे जे आकडे २०२३ साली आले, त्यात देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. उंबरठ्यावर आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसतं.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणणार, "ताई, आम्ही घरात दिवसभर राबतो तो काय व्यायाम नाही?" मीही असंच म्हणायची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आलंय. घरकाम 'करणारे' पुरुष म्हटलंय, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत! म्हणजे राबणं खरंच आहे. तरीही २०२४ सालीच 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जो अभ्यास आला त्यात २०२२ च्या हिशेबानं भारतातल्या ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत, असं निघालं. राबणाऱ्या बायकाच हालचालीत मागं? वाचून मला आधी रागच आला. मग ओट्याशी उभी राहून विचार केला. भाकरी थापताना हात चालतात, पाय एका जागी. कणीक, कुकर, भांडी, सगळं दोन पावलांच्या आत. थकवा येतो, कंबर धरते, पण श्वास वाढत नाही, पायाला गती येत नाही. जातं गेलं, आडाचं पाणी गेलं; ते परत यावं असं कुठलीच शहाणी बाई म्हणणार नाही. मात्र त्यांच्या जागी काही आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं बऱ्यापैकी हालचाल हवी. एक बरं झालं, २०२० साली त्यांनी जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांच्या खालचा व्यायाम हिशेबात धरत नसत. आता दोन मिनिटं, पाच मिनिटं, सगळं जमेला धरतात, आणि बसण्याचा वेळ मधूनमधून तोडा असंही सांगतात. आपल्यासारख्यांना हे सोयीचं आहे. दुधाचा रतीब रोज थोडा थोडा घालूनच महिन्याचा हिशेब होतो ना?

मग ही पाच-पाच मिनिटं कुठली? माझं सरळ म्हणणं आहे, ती कामाच्या वेळेतली असावीत. बसायला ज्यानं लावलं, उठायला वेळही त्यानंच द्यावा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जपानमध्ये १९२८ सालापासून रेडिओवर कवायत लागते. सुरू कुणी केली, तर पोस्टाच्या विमा खात्यानं! माणसं निरोगी राहिली तर विम्याचे पैसे कमी द्यावे लागतील, हा रोकडा हिशेब. तीन-एक मिनिटांची पियानोची धून, तिच्यावर हात-पाय हलवायचे. युद्धानंतर ती थांबली होती, १९५१ पासून नव्या रूपात पुन्हा चालू झाली, आणि कितीतरी कारखान्यांत कामाच्या सुरुवातीला साहेब आणि कामगार एकत्र उभे राहून ती करतात. आपल्याकडेही औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. राजाच सांगतोय म्हटल्यावर पोरं घालणारच. पण शाळा सुटली की नमस्कार सुटले, पुढं टेबल-खुर्चीच्या जगात कुणी विचारलं नाही.

आपल्या देशातला एक चांगला प्रयोग मात्र सांगितलाच पाहिजे. डॉ. प्रभाकरन, डॉ. श्रीनाथ रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात उद्योगांमधले कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसं घेऊन अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सहा ठिकाणी काही वर्षं चिकाटीनं काम केलं. आहार, चालणं, तंबाखू, तपासणी असं सगळं एकत्र, आणि तेही कामाच्या जागीच. सातव्या ठिकाणी असं काही केलं नाही. शेवटी सहा ठिकाणी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल खाली आलं आणि सातव्या ठिकाणी वाढलं. एका दिवसाच्या शिबिरानं हे होत नाही. आम्ही कार्यकर्तेही त्यात दोषी. आठ मार्चला तपासणी केली, याद्या केल्या, पेपरला बातमी आली, आणि पुढं एप्रिलमध्ये त्या बायकांना कोण विचारायला गेलं? मी चार घरी गेले. यादीत अकरा नावं होती.

सरकारनंही काही केलं नाही असं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनाला 'फिट इंडिया' मोहीम सुरू झाली. आयुष मंत्रालयानं कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योग तयार केला, 'वाय-ब्रेक' नावाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचं मोबाईल अॅप आलं आणि केंद्राच्या खात्यांना त्याचा प्रचार करायला सांगणारं पत्र निघालं. ताडासन, खांदे फिरवणं, कंबर फिरवणं, शेवटी भ्रामरी, सगळं उभ्या-उभ्या किंवा बसून होणारं. चांगली कल्पना आहे. मी ओळखीच्या सात-आठ नोकरदार बायकांना विचारलं. एकीनं नाव ऐकलं होतं. तीही म्हणाली, "अॅप आहे हो मोबाईलमध्ये, पण साहेबांसमोर कोण हात वर करून उभं राहणार?"

खरी गाठ तिथंच आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत आतच व्यायामशाळा असते, पावलं मोजायच्या स्पर्धा लागतात. तालुक्याच्या गावात आमची कार्यालयं कशी असतात? एका खोलीत सात टेबलं, टेबलांच्या मधून वाट अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं जायचं. दारात लोक उभे, कुणाला उतारा हवा, कुणाला दाखला. अशा वेळी मॅडम उठून खांदे फिरवायला लागल्या तर बाहेरचा माणूस काय म्हणेल? "पगार घेऊन कवायत चाललीय!" खोटं कशाला बोलू, मीच एकदा बचत गटाच्या बायकांना घेऊन एका काउंटरवर तासभर उभी होते, आणि आतली बाई पाय मोकळे करायला उठली तर मी मोठ्यानं बोलले होते, "यांना फिरायला वेळ आहे, आमचं काम करायला नाही." ती गुपचूप खाली बसली. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही, आणि बायका बोलत नाहीत. संडास. पुष्कळ कार्यालयांत बायकांचं वेगळं असतं, पण त्याला कुलूप, किल्ली कुणाकडं ते माहीत नाही, किंवा आत पाणी नाही, कडी नाही. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून निघताना जायचं ते थेट रात्री घरी आल्यावर. मुंबईत २०११ साली बायकांनी 'राईट टू पी' म्हणून मोहीमच काढली, ती सार्वजनिक मुताऱ्यांसाठी, कारण पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे अशी तऱ्हा होती. आमच्याकडं मोहीम नाही, नुसती सवय आहे, कळ सोसायची. आता बघा, बाई पाणी पिणार नाही म्हणजे भरायला उठणार नाही, लघवीला उठणार नाही. पाच-सहा वेळा सहज घडणारं चालणं तिथंच मेलं. वर मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, डोकेदुखी, आणि शुगर असलेल्या बाईला तर संसर्ग लवकर धरतो. मला विचाराल तर कार्यालयातल्या बायकांचा पहिला व्यायाम कार्यक्रम म्हणजे उघडा, स्वच्छ, पाणी असलेला संडास. योगाची चटई त्यानंतर.

खुर्चीचंही तसंच. खुर्च्या पुरुषांच्या उंचीच्या. आपले पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, संध्याकाळी पावलांवर सूज. पायाखाली लाकडी पाट ठेवला तरी फरक पडतो, आणि पाट काही टेंडर काढून आणायला लागत नाही.

इथवर पगारी बाईचं झालं. पण बसून काम करणाऱ्या सगळ्यांनाच कार्यालय नसतं. आमच्या जवळचं मोठं शहर सोलापूर. तिथं हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली तिचं लोकार्पण झालं. ही घरं त्यांची स्वतःची आहेत ही मोठीच गोष्ट. पण त्या घराच्या उंबऱ्यात मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. म्हणजे उठून पाय मोकळे केले की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. तिला 'दर तासाला उठा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या गावात शिलाई मशीनवर फॉल-पिको करणाऱ्या बायका, त्यांचंही तेच. 'कामाच्या ठिकाणी व्यायाम' म्हणताना जे शहाणे योजना आखतात, त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची, टेबल आणि महिन्याचा पगार असतो. घर हेच कामाचं ठिकाण असलेली बाई त्यांना दिसतच नाही. तिची मिनिटं कुणाच्या हिशेबातून काढायची? मजुरीचा दर ठरवतानाच ती धरली पाहिजेत, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

याच्या अगदी उलट बाजू केरळात झाली. कापडाच्या मोठमोठ्या दुकानांत विक्रीला उभ्या असलेल्या मुलींना दिवसभर बसू देत नसत. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०१८ साली कायद्यात बदल होऊन त्यांना बसायचा हक्क मिळाला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच कायदा केला. काहींना बसायचा हक्क मागावा लागतो, काहींना उठायचा. दोन्हीकडं भांडण मिनिटांचंच आहे, आणि ती मिनिटं कामाच्या वेळेतूनच मागितलेली आहेत. केरळच्या मुलींना कुणी 'घरी जाऊन बसा' असं म्हटलं असतं तर चाललं असतं का?

आता आमच्या जळकोटच्या सुनेचं पुढं काय झालं ते सांगते. योग दिनानंतर आठवड्यानं तिनं आणि तिच्याबरोबरच्या पाच जणींनी मिळून साहेबांना अर्ज दिला. मसुदा माझ्या ओट्यावर बसून लिहिला, चहा तिघींचा झाला, खाडाखोड पाच वेळा. मागण्या तीन. एक, महिलांच्या स्वच्छतागृहाची किल्ली महिलांकडे. दोन, पायाखाली ठेवायला सहा पाट. तीन, सकाळी साडेअकरा आणि दुपारी चारला पाच-पाच मिनिटं सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, जागेवर उठून हालचाल करायची, आणि दारावर तशी पाटी लावायची म्हणजे लोकांचा गैरसमज होणार नाही. पाटीचा मुद्दा मी घालायला लावला. काउंटरवरचं माझं जुनं पाप होतं ना!

किल्ली चौथ्या दिवशी मिळाली. पाट मिळाले नाहीत, पण शिपाईमामांनी जुन्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तीन करून दिले. पाच मिनिटांच्या मागणीवर साहेब म्हणाले, "वरून लेखी आदेश आला तर बघू." तोंडी म्हणाले, लेखी नाही.

मग या सहा जणींनी आपल्यापुरतं सुरू केलं. चारला एकीच्या मोबाईलचा गजर वाजतो. खुर्चीत बसल्या बसल्या टाचा वीस वेळा वर-खाली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. साडीत आरामात जमतं, कुणाचं लक्षही जात नाही, वाटतं बाई फाईल शोधतेय. खांदे पुढं-मागं. मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. डबा खाल्ल्यावर जिना एकदा चढून उतरायचा. एकीचे गुडघे दुखतात, ती जिना सोडते, फेऱ्या जास्त घालते. (गुडघे, बीपी, दिवस गेलेले असतील तर तुम्हीही डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.) पहिल्या आठवड्यात पुरुष हसले. तिसऱ्या आठवड्यात एका भाऊसाहेबांनी, मानेला पट्टा लावलेल्या, हळूच विचारलं, "ते खांद्याचं कसं करता?"

सप्टेंबरच्या तपासणीत तिची उपाशीपोटीची शुगर १३१ आली. गोळी चालू आहे, भातही कमी केलाय, त्यामुळं श्रेय कशाला द्यायचं ते डॉक्टरही सांगेनात. ती म्हणते, शुगरचं राहू द्या ताई, पण संध्याकाळी बसमधनं उतरताना पाय जड पडत नाहीत.

दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली. नवे साहेब आलेत, म्हणजे अर्ज पुन्हा द्यायचा. जुन्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे. या वेळी सह्या सहाच्या सात होणार आहेत, मानेचा पट्टावाले भाऊसाहेबही करतो म्हणालेत.